वासराचा वाटा



आपली दिवाळी वसुबारसेपासून सुरू होते. संध्याकाळी गाय-वासराच्या पायांवर पाणी घालायचं, हळद-कुंकू लावायचं, ओवाळायचं. त्या दिवशी गाईचं दूध, दही, तूप खायचं नाही. लहानपणी मी आजीला विचारलं होतं, असं का? आजी म्हणाली, "आजचं दूध वासराचं." मी पुन्हा विचारलं, "मग बाकीच्या दिवसांचं?" ती म्हणाली, "बाकीच्या दिवशी वाटा असतो. आपला आपल्याला, त्याचा त्याला."

आज या वाट्याबद्दल बोलायचं आहे. साल चांगलं असलं की वासराच्या वाट्याचा कुणी हिशोब विचारत नाही. पाऊस गेला, चारा संपला, की घरातला पहिला हात त्याच वाट्यावर पडतो. वासरू वेळेआधी आईपासून तोडलं जातं. आपल्या जिल्ह्यानं असे दुष्काळ पुष्कळ पाहिले. त्या त्या वेळी वासराच्या तोंडचं दूध कुठं गेलं, हे पाहिलं तर दुष्काळाची एक वेगळीच गोष्ट समजते. गोठ्यातलं काम बाईचं, म्हणून ती आपली गोष्ट आहे.

आधी रोजचा व्यवहार आठवू. आपली गावरान गाय वासराशिवाय पान्हा सोडत नाही. आधी वासरू लावायचं, चार ढुशा मारू द्यायच्या, पान्हा आला की वासरू बाजूला बांधून धार काढायची. शेवटी एखादं आचळ त्याच्यासाठी ठेवायचं. सात-आठ महिन्यांत गाय आटत जाते, वासरू चाऱ्याला लागतं आणि आपोआप तुटतं. गाय पुन्हा गाभण असेल आणि वासरू ऐकत नसेल तर त्याच्या तोंडाला मुस्कं बांधायचं, आचळांना शेण किंवा कडुनिंबाचा वाटलेला पाला लावायचा. ही झाली वेळेवरची तोड. दुष्काळातली तोड दोन-तीन महिन्यांच्या वासराची असते.

आता थोडं मागं जाऊ. वऱ्हाड १८५३ साली निजामाकडून इंग्रजांच्या कारभाराखाली आला. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध झालं, तिकडचा कापूस विलायतेला जायचा थांबला आणि आपल्या कापसाला एकाएकी भाव आला. खामगावची बाजारपेठ कापसानं वाढली. १८७० साली जलंब ते खामगाव रेल्वेचा फाटा सुरू झाला. शेतात पैसा दिसू लागला, पण ज्या रानात कापूस आला त्या रानातली ज्वारी गेली. ज्वारी गेली म्हणजे कडबाही गेला. पराटी चुलीत घालता येते, जनावराला घालता येत नाही.

याच काळात वऱ्हाडचे बैल नावाजलेले होते. जुन्या गॅझेटियरांत वऱ्हाडी गुरांचे दोन प्रकार सांगितले आहेत: मोठ्या बांध्याचे खामगावी आणि लहान बांध्याचे, चपळ उमरडा. कापसाच्या गाड्या ओढायला, काळी जमीन वखरायला हेच बैल लागायचे. बैल म्हणजे त्या काळचं ट्रॅक्टरही आणि ट्रकही. आणि बैल कुठून येतो? तीन-चार वर्षांपूर्वी कुण्या बाईनं आचळ राखून पाजलेल्या गोऱ्ह्यातून येतो.

१८९६-९७ साली एक दुष्काळ पडला. लोक सावरले नाहीत तोच १८९९ साली पाऊस पुन्हा गेला. १८९९-१९०० चा हा दुष्काळ वऱ्हाड, मध्य प्रांत, मुंबई इलाखा, गुजरात, राजपुताना असा दूरवर पसरला होता. आधीच्या दुष्काळात दाणा गेला होता. या खेपेला दाण्याबरोबर चारा आणि पाणीही गेलं. माणसांना सरकारी कामावर मजुरी मिळू शकत होती, गुरांना कुठलं काम देणार? गुरं फार मेली. बुलढाणा जिल्ह्याची लोकसंख्या १८९१ च्या मोजणीत सुमारे ४ लाख ८१ हजार होती, ती १९०१ च्या मोजणीत सुमारे ४ लाख २४ हजारांवर आली. खामगाव आणि जळगाव हे तालुके तेव्हा अकोला जिल्ह्यात होते, ते १९०५ साली आपल्याकडे आले.

त्या वर्षी वासराचं दूध कुणी पळवलं नाही. गाईच्या आचळातच दूध राहिलं नाही. गाय पोटाला नसली की तिचं दूध तुटतं, माजावर येणं थांबतं, आणि शेवटी ती स्वतः बसते. या तिन्हींत पहिल्यांदा मरतं ते वासरू. पुढच्या वर्षी पाऊस पडला तरी दुष्काळ संपत नाही तो यामुळं. रान ओलं होतं, पण वखराला जोडायला बैल नसतात. १८८४ च्या कायद्याखाली शेतकऱ्याला बी-बियाणं आणि बैल घेण्यासाठी तगाई मिळायची. म्हणजे गोठ्यात वाढू शकला असता तो बैल कर्ज काढून विकत आणायचा. वासराचा गेलेला वाटा असा सावकाराच्या नाही तर सरकारच्या वहीत जाऊन बसायचा.

१९२६ साली इंग्रज सरकारनं शेतीची पाहणी करायला एक मोठा आयोग नेमला. लिनलिथगो हे त्याचे अध्यक्ष होते, आणि १९२८ साली अहवाल आला. त्यात गुरांबद्दल एक गोष्ट नेमकी पकडली आहे. चारा कमी पडतो तशी जनावरं कमजोर होतात. कमजोर गाईला वासरं कमी होतात, चांगले बैल निपजत नाहीत. एका चांगल्या बैलाचं काम दोन मरतुकड्यांकडून करून घ्यावं लागतं, म्हणून शेतकरी जास्त जनावरं ठेवतो. जास्त जनावरं झाली की चारा आणखी कमी पडतो. असा हा रहाटगाडग्यासारखा फेरा. आपल्या भाषेत सांगायचं तर, गव्हाण एक आणि तोंडं चार. त्या चारांत सगळ्यात लहान तोंड वासराचं, आणि त्याला हंबरण्यापलीकडं काही बोलता येत नाही.

आता मी पाहिलेला दुष्काळ. १९७२ साली मी आठ वर्षांची होते. आमचं गाव घाटावरचं, मेहकरच्या बाजूचं. दोन वर्षं पाऊस जेमतेमच होता आणि १९७२ ला तर त्यानं पाठच फिरवली. पौषात आमची गाय व्याली, गोऱ्हा झाला. कपाळावर पांढरा टिक्का होता, म्हणून आम्ही पोरांनी त्याचं नाव चांद्या ठेवलं. त्याच महिन्यात आईला माझा धाकटा भाऊ झाला होता. आई सव्वा महिना झाला आणि खडी फोडायला गेली. दुपारी दूध पाजायला यायला जमायचं नाही, आणि आईच्या अंगावरही दूध कुठं होतं?

तेव्हा राज्यभर दुष्काळी कामं निघाली होती. मे १९७३ मध्ये या कामांवर जवळपास ५० लाख माणसं होती आणि त्यात बाया फार होत्या. बांधबंदिस्ती, पाझर तलाव, रस्त्याची खडी. रेशनला अमेरिकेची लाल मिलो ज्वारी यायची, कामावर सुकडी मिळायची. रोजगार हमीचा कायदा पुढं १९७७ साली झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून लागू झाला, त्याचं मूळ या उन्हात आहे. माणसं जगली ती या कामांमुळं. पण सुकडी माणसांसाठी होती, गोठ्यासाठी नव्हती.

गाईचं दूध उतरत उतरत दोन वेळचं मिळून लोटाभर राहिलं. फाल्गुनात आजीनं ठरवलं. दूध पोराला. वासरू फक्त पान्ह्यापुरतं लावायचं आणि ओढून घ्यायचं. चांद्याला ती मिलोच्या पिठाची पातळ पेज पाजायची, बोट तोंडात देऊन. पंधरा दिवसांत त्याला हगवण लागली. वैशाखात तो गेला. माझा भाऊ जगला. आज तो नातवंडांचा आजा आहे.

पुढं १९७६ ला आमच्या घरी एकच बैल होता. चांद्या त्या वर्षी जुवाला लागला असता. वडील सावड करून पेरायचे, म्हणजे ज्याचा दुसरा बैल त्याचं आधी पेरून व्हायचं, मग आमचं. वाफसा निघून जायचा. आजी त्यावर कधी बोलली नाही. पण पुढं प्रत्येक वसुबारसेला ती दोन आचळं सोडायची, एक नाही. विचारलं तर म्हणायची, "मागची बाकी आहे."

आजीनं चूक केली का? मी अनेक वर्षं या प्रश्नाशी बसले. नातू आणि वासरू यांत कुणाला पाजायचं, हा प्रश्न कुठल्याच बाईवर येऊ नये. तो आला तेव्हा तिनं जे केलं तेच मीही केलं असतं. पण चांद्या दूध तुटल्यामुळं मेला नाही. दुधाच्या जागी त्याला जे मिळालं ते त्याला पचण्यासारखं नव्हतं, म्हणून तो मेला. हा फरक तेव्हा आजीला कुणी सांगितला नव्हता. तो आज मी तुम्हाला सांगणार आहे. त्याआधी अजून दोन वर्षांबद्दल बोलते.

१९६४ साली संकरित ज्वारीचं पहिलं वाण, सीएसएच-१, आलं. दाणा वाढला, पण ताटाची उंची कमी झाली. पुढं सोयाबीन आलं आणि आपल्या रानांत पसरलं. सोयाबीनचं कुटार होतं, पण कडब्याची बरोबरी त्याला नाही. कापसानं सुरू केलेलं काम असं पुढं चालत राहिलं. दाण्याचं बघितलं गेलं, वैरणीचं नाही.

आणि अशा वेळी गाई वाटल्या गेल्या. १ जुलै २००६ ला पंतप्रधान मनमोहन सिंग यांनी विदर्भातल्या सहा जिल्ह्यांसाठी ३,७५० कोटींचं पॅकेज जाहीर केलं. अमरावती, अकोला, यवतमाळ, वाशीम, वर्धा आणि आपला बुलढाणा. शेतकऱ्यांच्या आत्महत्यांनी पोळलेल्या घरांना जोडधंदा मिळावा म्हणून त्यात दुभती जनावरंही होती. हेतू चांगला होता. पण जास्त दुधाची गाय जास्त खाते. पत्रकार पी. साईनाथ यांनी त्याच वर्षी वर्धा-यवतमाळकडच्या घरांबद्दल लिहिलं होतं की जनावर दारात आलं आणि घरातल्या माणसांपेक्षा त्याच्याच खाण्याचा खर्च जड झाला. चारा आणायला, पाणी पाजायला बाई, आणि मजुरी बुडवायचीही बाईनंच. अशा गोठ्यात दूध विकून ढेपेचे पैसे द्यावे लागतात. मग वासराच्या वाट्याचं दूधसुद्धा कॅनमध्ये जातं.

मग आला २०१८ चा दुष्काळ. ३१ ऑक्टोबर २०१८ ला सरकारनं राज्यातले १५१ तालुके दुष्काळी जाहीर केले. आपल्या जिल्ह्यातले तालुकेही त्यात होते. मराठवाडा, अहमदनगर, सोलापूर, सातारा, सांगली या भागांत चारा छावण्या उघडल्या. सरकार छावणीला मोठ्या जनावरामागं दिवसाला ९० रुपये आणि लहान जनावरामागं ४५ रुपये द्यायचं. मे २०१९ मध्ये ते १०० आणि ५० झाले. छावणीत बहुतेक ऊस मिळायचा. उसानं मोठ्या जनावराचा जीव तगतो. वाढत्या वासराला लागणारं पोषण त्यात फार थोडं.

त्याआधी २०१२ च्या दुष्काळात साताऱ्याच्या म्हसवडला माणदेशी फाउंडेशन या बायांच्या संस्थेनं छावणी काढली होती, ती दीड वर्ष चालली. हजारो कुटुंबं गुरांसह तिथं राहिली. बायांनी छावणीतच चुली मांडल्या. जनावर विकून मोकळं व्हायचं नाही, हे त्यांनी ठरवलं होतं. गोठा हा बाईचा शब्द असलेली जागा आहे, हे तिथं दिसलं.

आता मुद्द्यावर येते. ऑस्ट्रेलिया, अमेरिका या देशांत मांसासाठी गुरं पाळतात. तिथं गाईची धार काढत नाहीत, सगळं दूध वासरूच पितं आणि सहा-सात महिन्यांनी तोडलं जातं. दुष्काळ पडला की तिथले लोक वासरू तीन-चार महिन्यांचंच तोडतात. दूध देणारी गाय भाकड गाईपेक्षा खूप जास्त खाते. वासरू तोडलं की गाय आटते, कमी चाऱ्यावर निभते, अंग धरते आणि पुन्हा माजावर येते. तोडलेल्या वासराला वेगळा, कसदार खुराक देतात. थोडा चांगला चारा वासराला, जाडाभरडा चारा गाईला, असा तो हिशोब. तो जमला नाही तर तिथंही कळप विकावे लागतात. १९३४ च्या मोठ्या दुष्काळात अमेरिकेच्या सरकारनं शेतकऱ्यांची ८० लाखांवर गुरं विकत घेतली होती.

आपल्याकडं वासरू मांसासाठी नाही. राज्याच्या १९७६ च्या कायद्यानं गाय आणि तिचं वासरू कापायला बंदी आहे, २०१५ पासून बैलालाही आहे. आपलं वासरू उद्याची गाय किंवा उद्याचा बैल. म्हणून तिकडचा उपाय इकडं जसाच्या तसा आणला तर घोटाळा होतो. आपण वासरू तोडतो, पण धार काढणं सुरूच ठेवतो. मग गाईला विसावा मिळत नाही. तिच्यावरचा भार तेवढाच राहतो, फक्त दूध वासराऐवजी दुसरीकडं जातं. म्हणजे गाय वाचवायला वासरू तोडलं, असं आपण म्हणतो ते खरं नसतं. कुणी लवकर तोडायचं म्हणालं तर पहिला प्रश्न विचारा: वाचलेलं दूध कुठं जाणार? गाय खरंच वाळलेली असेल, बरगड्या मोजता येत असतील, तर वासरू तोडा आणि धारही बंद करा. दूध घरातल्या लेकराला किंवा विक्रीला लागणार असेल, तर त्या दुधातला एक हिस्सा वासराच्या खुराकाला बाजूला काढा.

हा खुराक कसा, ते चांद्याच्या आठवणीनं सांगते. जन्मल्यावर वासराच्या पोटाचं कोटीपोट कामाला लागलेलं नसतं. ते दूधच पचवतं. पीठ, पेज त्याला पचत नाही. दाण्याचा भरडा आणि कोवळं गवत थोडं थोडं चाटत गेलं की कोटीपोट हळूहळू तयार होतं. म्हणून पहिल्या तासा-दोन तासांत चीक पाजायचा, त्यात हयगय नाही. दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यापासून दूध चालू असतानाच मूठभर भरडा आणि स्वच्छ पाणी समोर ठेवायचं. भरड्यात अर्धा वाटा मका किंवा ज्वारी, त्याहून कमी शेंगदाण्याची ढेप, उरलेला गव्हाचा कोंडा, आणि चिमूट-दोन चिमूट खनिज मिश्रण व मीठ. वासरू रोज पाऊण किलोच्या आसपास भरडा सलग काही दिवस खाऊ लागलं की मगच दूध तोडायचं, तेही आठ-दहा दिवसांत कमी करत. तीन महिन्यांच्या आतलं वासरू पशुवैद्यकाला विचारल्याशिवाय तोडू नका.

तीन गोष्टी आपल्या भागात जपायच्या. लहान वासराला सरकीची ढेप नको, तिच्यातला विषारी अंश त्याला सोसत नाही. कच्चं सोयाबीन नको. आणि युरिया लावलेलं कुटार सहा महिन्यांच्या आतल्या वासराच्या तोंडाला लागू देऊ नका. हगवण लागली तर घरचे उपाय करत दिवस घालवू नका, त्याच दिवशी दवाखाना गाठा.

म्हशीचं रेडकू विसरू नका. आपल्या पूर्णाकाठची भुरी पूर्णाथडी म्हैस आता देशातल्या नोंदलेल्या जातींत आली आहे, जानेवारी २०२३ मध्ये. पण रेडकू नर असलं की त्याला सगळ्यात आधी उपाशी ठेवतात, आणि वगार असली तरी तिला पुरेसं पाजत नाहीत. मग चांगली म्हैस कुठून येणार?

अक्षय तृतीयेला भेंडवळची घटमांडणी होते आणि पाऊसपाणी कसं राहील ते ऐकायला सगळे कान देतात. पाऊस कमी सांगितला की माणसं बियाण्याचा विचार करतात. तेव्हा गटाच्या बैठकीत आपण एक काम करू. गटातल्या कुणाच्या गोठ्यात किती वासरं, कोणतं किती महिन्यांचं, कुणाची गाय दिवाळीपर्यंत आटेल, एवढं एका कागदावर लिहू. पाच-सहा वासरांचा भरडा एकत्र दळून आणला तर स्वस्त पडतो. गटाच्या कर्जात ढेपेला पैसे मिळतात, तसे वासराच्या खुराकालाही मिळोत. पशुसखी असेल तर तिला बोलवा.

आजीजवळ असा कागद नव्हता, भरडा नव्हता, विचारायला कुणी नव्हतं. तिच्याजवळ एक लोटा दूध होतं आणि दोन तोंडं. आपल्याजवळ गट आहे. येत्या वसुबारसेला गाय-वासराला ओवाळताना त्या वासराचा पुढच्या उन्हाळ्याचा वाटा बाजूला काढून ठेवलेला असू द्या. आजीची बाकी तेवढीच फिटेल.